अठराचे सोळा

नळस्टॉपच्या थोडं अलीकडे एक रिक्षा माझ्या शेजारून सरकत होती. चालकाने मान बाहेर काढली आणि विचारलं, "ताई, पाय एवढे जोरात आणि सायकल एवढीच?"

मी उत्तर दिलं नाही. पुण्यात अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, दिलं की संभाषण सुरू होतं. पण प्रश्न मात्र संध्याकाळी घरापर्यंत माझ्या मागे डबलसीट बसून आला.

कारण तो बरोबर होता. माझे पाय शिवणयंत्राच्या सुईसारखे वरखाली होत होते आणि सायकल आपल्या मनाने, संथ, एका लयीत चालली होती. माझ्या पायांचा आणि तिचा काही संबंध असावा असं बघणाऱ्याला वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही वाटत नव्हतं.

माझी सायकल विजेवर चालते. मागच्या चाकाच्या मध्यात डब्यासारखी मोटर, २५० वॅटची. बॅटरी ३६ व्होल्टची, साडेसात अँपिअर-तासांची. गिअर एकच: पुढे एक चेनव्हील, मागे एक फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाकाला मोकळं फिरू देणारी दातेरी चाकी), मध्ये चेन. घेताना हा एकच गिअर मला गुण वाटला होता. जितके भाग कमी तितकं बिघडायला कमी, असा हिशोब. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी सात-सात गिअरांचे खटके शिकायची हौसही उरलेली नव्हती.

मी राहते बावधनला, कचेरी कर्वे रस्त्यावर. जाऊन-येऊन सतरा किलोमीटर. बावधनकराच्या नशिबी सकाळी उतार आणि संध्याकाळी चढ लिहून दिलेला असतो. वाटेतल्या चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या २ ऑक्टोबरला मध्यरात्री स्फोटकं लावून पाडला, पुढच्या ऑगस्टात नवे रस्ते खुले झाले, आणि तेव्हापासून तिथे चौक असा उरला नाही, कोडं झालं. पण चढ कोणी पाडला नाही. तो जिथल्या तिथे आहे. या चढासाठीच तर मोटरवाली सायकल घेतली.

पहिले सहा महिने मी हवेतच होते. मग रिक्षावाला भेटला.

रविवारी सकाळी सायकल उलटी करून अंगणात उभी केली, खडूने एका दात्यावर खूण केली आणि मोजत गेले. पुढे ३८ दाते, मागे १८. अडतीसला अठराने भागलं की २.११ येतात. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक दोन फेरे आणि वर थोडंसं फिरतं. मग टायरवर खूण करून सायकल एक फेराभर पुढे ढकलली आणि शिवणकामाच्या टेपने जमीन मोजली. २०७ सेंटिमीटर. गुणाकार केला. पायाच्या एका फेऱ्यात सायकल ४ मीटर ३७ सेंटिमीटर पुढे जाते.

इथपर्यंत शाळेतलं गणित. खरी गंमत पुढे. माझे पाय मिनिटाला साठ फेऱ्यांच्या आसपास सुखी असतात, हे मी घड्याळ लावून पाहिलं. साठ फेरे म्हणजे मिनिटाला २६२ मीटर, म्हणजे तासाला पावणेसोळा किलोमीटर. आणि मोटर तर मला सपाटीवर बावीस-पंचवीसने नेते! पंचवीसच्या वेगाला चेन नुसती ताठ ठेवायची म्हटली तरी मला मिनिटाला पंच्याण्णव फेरे मारावे लागतील. पंच्याण्णव हे शर्यतीत उतरणाऱ्यांचे पाय. माझे नव्हेत.

म्हणजे सोळाच्या पुढे मी जे काही करत होते ते पायडल मारणं नव्हतंच. फ्रीव्हील आत टकटक करत मोकळं फिरत होतं, चेन सैल झुलत होती आणि मी हवेत पाय फिरवत होते.

मग सायकलला हे कळत कसं नाही? तर तिला ते कळण्याची सोयच नाही. पायडलच्या आसावर एक लहानशी चकती बसवलेली असते. तिच्यावर बारा चुंबकं. शेजारी एक सेन्सर. चुंबकं पुढून गेली की सेन्सर मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरला सांगतो, पाय फिरताहेत. बस, एवढंच. किती जोराने फिरताहेत, त्यातून चाकाला काही पोचतंय का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शाळेतली हजेरी असते तसं. नाव पुकारलं, 'हजर' म्हटलं, संपलं. वर्गात लक्ष आहे का ते हजेरीपटात लिहायला रकाना नसतो.

मला आईचं पायमशीन आठवलं. आई गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. खालचं मोठं चाक, वरचं लहान चाक, मध्ये चामड्याचा पट्टा. पायाच्या एका झोक्यात सुई चारेक टाके घालायची. मोठं चाक आणि लहान चाक एकमेकांना जोडलं की सावकाश हलणाऱ्या पायातून घाईची सुई निघते, हे मी गुणोत्तर हा शब्द शिकायच्या आधी पाहिलेलं होतं. (याच करामतीचा एक नमुना आपल्या पुण्यातलाच आहे. येरवड्याच्या तुरुंगात १९३० च्या आसपास जो पेटी चरखा घडला त्यात एका मोठ्या चाकाऐवजी दोन चाकं घातली होती. एकाने दुसऱ्याला पळवायचं, दुसऱ्याने चातीला. म्हणून तो पेटीत मावला.) मी आठवीत असताना वडिलांनी आईच्या मशीनला मोटर बसवून आणली. आता उजव्या पायाखाली रेग्युलेटर, तो दाबला की सुई धावते. खालच्या मोठ्या चाकाचा पट्टा काढून टाकलेला. पण आईचा डावा पाय बरेच दिवस त्या रिकाम्या पायट्यावर झुलत राहिला. खाली चाक फुकट फिरायचं, वर मोटर शिवायची. आम्ही हसायचो. आई म्हणायची, "हसू नका. पाय थांबला की माझा हातही थांबतो."

तर मी कर्वे रस्त्यावर आईचा डावा पाय झाले होते.

वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना मी म्हटलं की दाते बदलून घेणार आहे. त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे चाळीसने पळेल!" हा गैरसमज मलाही सुरुवातीला होता, म्हणून सांगते. पळणार नाही. माझ्या सायकलीची मोटर चाकाच्या पोटात आहे. तिचे स्वतःचे दाते आहेत, आत, बंद डब्यात, बोटाच्या पेराएवढी नायलॉनची चाकं. ती थेट मागच्या चाकाला फिरवते. चेनशी तिची ओळखदेख नाही. पुढे अडतीसच्या जागी शंभर दाते लावा, मोटरला पत्ता लागणार नाही. मोटर पायडलच्या आसापाशी बसवलेली असती आणि चेनमधून चाकाला ओढत असती, तर गोष्ट निराळी होती. मग दाते बदलले की माझ्याबरोबर मोटरचाही चढ-उतार बदलला असता. शिवाय पंचवीसची वेस कंट्रोलरने बांधलेली आहे आणि ती कायद्याची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे २५० वॅटच्या आतली मोटर आणि पंचवीसच्या आतला वेग असेल तरच ही सायकल सायकल राहते. नाहीतर लायसन्स आणि नंबरप्लेट.

"मग बदलायचं कशाला?" शेजारी.

याचं नेमकं उत्तर तेव्हा माझ्यापाशी नव्हतं. "पायांसाठी," म्हटलं. त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि ते वर गेले.

आमचे सायकलवाले मामा कोथरूडच्या एका आतल्या गल्लीत बसतात. पासष्टीचे असतील. दुकानावरच्या पत्र्यावर अजून 'ओव्हरऑइलिंग करून मिळेल' असं रंगवलेलं आहे आणि त्यातली चूक कोणी दाखवली तर ते म्हणतात, "ऑइल घालतोच की." भिंतीवर तारेत ओवलेली जुनी-नवी फ्रीव्हीलं, लसणाच्या वेणीसारखी. मी दाते मोजून आणलेला कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो वाचला नाही.

"बॅटरीची आहे ना? मग गिअर कशाला? बटण दाबा की."

"बटण दाबूनच कंटाळले, मामा."

हे मात्र त्यांना पटलं. सोपा उपाय मागचं फ्रीव्हील बदलायचा. अठराच्या जागी सोळा. सोळाच्या खाली या मापाच्या आट्यांवर सहसा काही मिळत नाही. एवढ्या जाड आट्यांभोवती त्याहून लहान चाकी केली तर आत छर्रे आणि खटके ठेवायला जागाच उरत नाही. चौदा-पंधराची फ्रीव्हीलं असतात, पण त्यांचा हबच, म्हणजे चाकाचा मधला भागच, वेगळ्या मापाचा. तेव्हा सोळा.

दहा मिनिटांचं काम, मामा म्हणाले. दोन दिवस लागले.

त्याचं असं झालं. साध्या सायकलीचा मागचा आस दहा मिलिमीटरचा. मोटरवाल्या चाकाचा बारा, आणि त्यातूनच मोटरची वायर बाहेर येते. फ्रीव्हील काढायचा जो दातेरी रिमूव्हर असतो तो आसावरून सरकवून आत बसवायचा असतो. मामांचा रिमूव्हर आसावर चढेना. त्यांनी दुसरा काढला, तिसरा काढला. मग डोळे बारीक करून आसाकडे असं पाहिलं की जणू त्यानेच आगळीक केली आहे. "उद्या या."

दुसऱ्या दिवशी गेले तर रिमूव्हर चकचकत होता. मामांनी तो ओळखीच्या टर्नरकडे नेऊन लेथवर आतून बोअर करून आणला होता. लेथचे पैसे किती विचारलं तर हात झटकला. "आता बॅटरीवाल्या सगळ्या माझ्याकडेच येतील."

फ्रीव्हील निघणं हा एक सोहळाच असतो. आपण जितकं पायडल मारू तितकं ते आट्यांवर आवळत जातं, वर्षानुवर्षं. पाना लावून, पान्यावर पाइप चढवून ते हललं नाही. मग मामांनी रिमूव्हर शिकंज्यात उभा धरला, त्यावर चाक आडवं बसवलं आणि म्हणाले, "धरा तिकडून." मी कुर्त्याच्या बाह्या वर केल्या. दोघांनी मिळून ते चाक एसटीच्या स्टिअरिंगसारखं डावीकडे रेटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आतून 'टक्' असा आवाज आला, आणि मामा हसले. त्या हसण्यात सगळे दात दिसतात, जेवढे आहेत तेवढे.

सोळाचं बसलं. दोन दाते कमी म्हणजे चेन एका घराने सैल. ती तोडायची गरज पडली नाही, आस खाचेत सहा मिलिमीटर मागे ओढला की ताठ. फक्त पहिल्यांदा बसवताना आसावरचा जिभेचा वॉशर उलटा बसला होता. त्याची जीभ खाचेत अडकलेली नसली तर मोटर जोर लावताच आसच गरकन फिरतो आणि वायर पिळून तुटते. सुदैवाने मामांनीच ते नट आवळताना पाहिलं. एक अस्सल शिवी वॉशरला देऊन त्यांनी तो सुलटा केला.

परतीच्या वाटेवर मी मोटरच्या मदतीचा आकडा तीनवर ठेवला. माझ्या सायकलीवर तीन म्हणजे तासाला अठरा किलोमीटरच्या आसपास. पौड रस्त्यावर गर्दी नव्हती. पाय साठच्या चालीत फिरत होते आणि एका क्षणी तळव्याखाली काहीतरी लागलं. लागलं म्हणजे, अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी संपली असं वाटत असताना पाय जमिनीला टेकतो तसं. चेन ताठ झाली होती. मी दिलेला जोर कुठेतरी पोचत होता. खाली वाकून पाहिलं, वरची बाजू सरळ रेघ. मागून एक बस हॉर्न वाजवत होती, तिला वाजवू दिलं.

पण साडेबारा टक्क्यांचाच फरक तो. तीनवर चेन धरायची, चारवर परत सैल. आणि एकदा जमिनीला पाय टेकल्यावर माणूस परत तरंगायला तयार होत नाही. महिनाभरात मी पुन्हा मामांकडे. आता पुढचं.

पुढचं चेनव्हील क्रँकला, म्हणजे पायडलच्या दांड्याला, रिबिटने ठोकलेलं होतं, म्हणजे अख्खा क्रँकच बदलायला हवा. मामांनी नाना पेठेतून ४४ दात्यांचा आणला. माझ्या प्लॅस्टिकच्या चेनकव्हरमध्ये तो मावेना, कव्हर काढलं. (त्याचे परिणाम माझ्या दोन सलवारींनी भोगले. मग मी कॉलेजात मुलगे लावायचे तसली पँटची क्लिप शोधून आणली.) चेनमध्ये दोन घरं वाढवली आणि मजा म्हणजे मागचं चाक खाचेत जवळजवळ परत मूळ जागी आलं. कागदावर हे आधी मांडलं होतं, पण लोखंडात ते तसंच घडताना पाहणं वेगळं.

त्या दिवशीची खरी करमणूक पुढे झाली. मी सायकलवर बसले, पायडल मारलं, मोटर गप्प. पुन्हा मारलं, गप्प. मामांनी वायरी हलवल्या, जोडण्या उघडून फुंकल्या. पाय नीट ठेवायला म्हणून मी पायडल जरा उलटं फिरवलं आणि सायकल टुणकन पुढे गेली. समोर भाजीची गाडी. ब्रेक लागला म्हणून वांगी वाचली.

ती चुंबकांची चकती क्रँक बदलताना उलटी बसली होती. तिला दिशा असते. आता माझी सायकल पाय मागे फिरवले की पुढे जात होती. गल्लीतली पोरं जमली. एकाने विचारलं, "काकू, रिव्हर्स टाकला की काय होतं?" चकती सुलटी करायला क्रँक परत खोलावा लागला.

तर आता पुढे ४४, मागे १६. भागाकार २.७५. पायाच्या एका फेऱ्यात ५ मीटर ६९. साठ फेऱ्यांना साडेवीसचा वेग, आणि पंचवीसला त्र्याहत्तर फेरे, जे मी दुपारच्या चहानंतर सहज मारते.

जुन्या काळी, पुढे प्रचंड चाक आणि मागे चिमुकलं अशा सायकली होत्या तेव्हा पायडल थेट मोठ्या चाकालाच असे. चेन नाही, दाते नाहीत. जास्त वेग हवा तर चाकच मोठं घ्यायचं, आणि ते किती मोठं हे तुमच्या टांगांवर ठरायचं. १८८५ च्या सुमारास इंग्लंडात स्टार्लीची दोन सारख्या चाकांची, मागे चेनवाली सायकल आली आणि माणूस जमिनीजवळ आला. पण इंग्रजी पद्धतीत गिअर अजूनही त्या मोठ्या चाकाच्या इंचांत मोजतात. माझं चाक सव्वीस इंची. त्या हिशोबाने आधी मी पंचावन्न इंची चाकावर बसत होते, आता साडेएकाहत्तर इंची. माझी स्वतःची उंची बासष्ट इंच आहे. हे मी घरात दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा कोणी मान वर केली नाही.

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या भाच्याला फोनवर सांगितलं. त्याच्याकडेही विजेची, एकाच गिअरची सायकल. तिथेही मर्यादा २५० वॅट आणि पंचवीसच, पण तिला चेनऐवजी दातेरी पट्टा आहे आणि पायाचा जोर मोजणारा सेन्सर. त्याची सायकल नुसत्या 'हजर'वर फसत नाही. पट्टा मात्र तोडून जोडता येत नाही. दाते बदलायचे तर बहुतेक वेळा पट्टाही दुसऱ्या लांबीचा. मी म्हटलं, मग तू कसा बदलतोस? तो म्हणाला, "मावशी, इकडे चढच नाही. बदलायचं कशाला?"

पुढचे दोन महिने फार छान गेले. चार नंबरवर, बावीसच्या चालीत, पायडल आणि मोटर जोडीने चालायची. सपाटीवर या वेगाला मी, सायकल आणि वारा मिळून दीडशे वॅटच्या आत-बाहेर लागतात. त्यातले साठ-सत्तर माझे असं मी धरून चालते. मोटरचा आवाजसुद्धा बदलला. आधी ती एका पट्टीत गुणगुणायची, आता माझा पाय खाली गेला की किंचित मऊ व्हायची. संध्याकाळी घरी पोचल्यावर बॅटरीची पाचांपैकी एक रेघ उरायची, आता दोन उरू लागल्या. दंडावर नाही, पण पोटरीत काहीतरी जाणवू लागलं. रिक्षावाल्यांनी प्रश्न विचारणं थांबवलं.

मग जुलैतल्या एका बुधवारी मी चार्जर लावला आणि भिंतीवरचं बटण चालू करायला विसरले.

सकाळी उतार होता, कळलंच नाही. संध्याकाळी कोथरूड डेपोच्या पुढे शेवटची रेघ लुकलुकली आणि गेली. पाऊस भुरभुरत होता. समोर चांदणी चौकाचा चढ. आणि पायाखाली पुढच्या-मागच्या दात्यांचा पावणेतीनचा मेळ, जो बदलायला खटका नाही, कारण गिअर एकच. तोच तर गुण म्हणून घेतला होता.

तो चढ धरा शंभराला पाच. मी, सायकल, डबा, रेनकोट मिळून शंभर किलो. नंतर घरी बसून मांडलं तेव्हा आकडे निघाले. जुन्या अडतीस-अठराला प्रत्येक फेऱ्यात पायडलवर सरासरी चोवीस किलोंचा जोर पुरला असता. आता एकतीस. सात किलो म्हणजे काही फार नाही, असं कागदावर वाटतं. गुडघ्याला वाटत नाही. दोनशे पावलं उभं राहून मारली, मग उतरले आणि बावीस किलोंची सायकल ढकलत निघाले. "चार्जिंग संपलं का?" असं सात जणांनी विचारलं. सातव्याला मी "नाही, हौस" म्हटलं.

ढकलताना एक गोष्ट लक्षात आली, जी मला दोन महिने आधीच दिसायला हवी होती. मोटर चालू असतानाही या चढावर सायकल पंधरावर येते. पंधराला आता माझे पाय मिनिटाला चव्वेचाळीस फेरे मारतात, जड, दळण दळल्यासारखे. जुन्या मेळाला हेच सत्तावन्न व्हायचे. म्हणजे ज्या अडतीस-अठराला मी सपाटीवरून नावं ठेवली, तो या चढावर अगदी माझ्या पायाच्या मापाचा होता. ज्याने कोणी तो कारखान्यात बसवला त्याला बावधन माहीत नसेल, पण बॅटरी संपलेली बाई चढावर भेटू शकते हे माहीत असावं. मी मात्र सोळा किलोमीटरच्या सोयीसाठी त्या एका किलोमीटरची सोय काढून टाकली होती.

फ्रान्सच्या मोठ्या सायकल शर्यतीचा जनक आन्री देग्रांज गिअर बदलणाऱ्या यंत्रांच्या इतका विरोधात होता की त्या शर्यतीत ती यायला १९३७ उजाडावं लागलं. तोवर स्पर्धक मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन चाक्या लावत. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, चाक काढायचं, उलटं बसवायचं आणि चढायला लागायचं. बदलते गिअर हे पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी ठीक, असं त्याने १९०२ साली लिहून ठेवलं आहे. मी तर पन्नाशीपुढची. म्हणजे त्याच्या लेखीही मला परवानगी होती. पण माझ्या मोटरवाल्या चाकाला दुसरी बाजू नाही, तिथे ब्रेकची चकती आहे.

गुरुवारी मामांकडे गेले. पिशवीत जुनं अठराचं फ्रीव्हील होतं. घरी ते मी टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलं होतं. मामांनी ते हातात घेऊन फिरवलं, कानाशी नेलं, आतली टकटक ऐकली.

"चांगलं आहे की हे. परत घालू?"

पुढे चव्वेचाळीस तसंच ठेवून मागे अठरा घातलं तर पंचवीसला ब्याऐंशी फेरे. पुन्हा थोडं तरंगणं आलं. सोळा ठेवलं तर चढ आहेच. मी म्हटलं, "मामा, सतरा मिळेल?"

त्यांनी चष्म्याच्या वरून आधी माझ्याकडे आणि मग तारेतल्या वेणीकडे पाहिलं. "मिळेल. दोन दिवस लागतील. पण मग साडेसोळा मागायला येऊ नका."

मी हसले आणि पिशवी घडी करून ठेवली. साडेसोळाचं गणित आदल्या रात्रीच करून झालं होतं. मागे हेच अठरा ठेवून पुढे अठ्ठेचाळीसचं चेनव्हील लावलं की बरोबर साडेसोळाच होतं. ते काही मी त्यांना लगेच सांगितलं नाही.